बारा सदतीसचा मुहूर्त

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी माझ्या मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला तुंबलेलं गटार उपसून घेत उभा होतो. ते म्हणाले, "राजकीय सल्लागार ते उद्योजक हा तुमचा प्रवास आमच्या वाचकांना फार प्रेरणादायी वाटेल." मी म्हटलं, साहेब, गटारात द्रोण आणि मसालेभात अडकलाय, प्रेरणेचं नंतर बघू. तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, यात प्रेरणा वगैरे काही नाही. वैताग आहे, आणि तो मी बावीस वर्षं माझ्याच हातानं पेरलेला आहे.

मी मूळचा तळेगावचा. ऐन तरुणपणी दोन वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेवढ्या भांडवलावर जन्माचा 'मास्तर' झालो. मग आबांकडे गेलो. आबा म्हणजे आमच्या मावळातले एक पुढारी. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येक तालुक्यात असा एक आबा असतोच. 'राजकीय सल्लागार' म्हटलं की लोकांना वाटतं, मी बंद खोलीत बसून डावपेच रचत असेन. आबांनी विकासाच्या बाबतीत माझा सल्ला एकदाच घेतला, तोही पुलाच्या उद्घाटनाला कोणतं जाकीट घालू, एवढ्यापुरता. माझं खरं खातं लग्नांचं होतं.

शहरातल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे मत सभेत मिळत नाही, मांडवात मिळतं. पुढाऱ्यानं गावाला रस्ता करून दिला तर लोक तो पहिल्या खड्ड्यात विसरतात, पण पोरीच्या लग्नाला आला नाही हे पंधरा वर्षं विसरत नाहीत. लग्नसराईत एकेका दिवशी अकरा-अकरा लग्नं, वलवणपासून आंबीपर्यंत पसरलेली, आणि सगळ्यांचे मुहूर्त तासाभराच्या आत. त्यात कुठं आधी जायचं, कुठं नुसतं तोंड दाखवायचं, कुठल्या भावकीचं कुठल्या भावकीशी वाकडं आहे, हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. पत्रिकासुद्धा माझ्याकडून तपासून जायच्या. आमच्याकडची पत्रिका म्हणजे चार पानांचा ऐवज. नवरा-नवरीचं नाव त्यात कुठंतरी असतं, बाकी सगळी निमंत्रकांची, व्यवस्थापकांची आणि 'प्रमुख उपस्थिती'ची नावं. कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं की तो माणूस जेवायला थांबत नाही. मी अशा कामात आयुष्याची उमेदीची वर्षं घातली.

या धंद्यात माझा स्वतःचा एक शोध आहे, आणि त्याचं श्रेय मला कुणी देत नाही. पूर्वी पुढारी लग्नाला कधीही यायचे. लवकर आले तर खुर्च्या रिकाम्या, उशिरा आले तर लोक पंगतीत. मी बरीच लग्नं पाहून ठरवलं की पुढाऱ्यानं मांडवात शिरायची वेळ एकच, अक्षता वाटून झाल्या की. मुठीत अक्षता असलेला माणूस जागचा हलत नाही. त्याला बसता येत नाही, जाता येत नाही, नीट टाळीसुद्धा वाजवता येत नाही. अशा वेळी आबांनी यायचं, स्टेजवर चढायचं आणि 'आशीर्वादाचे दोन शब्द' बोलायचे. ते दोन शब्द अठरा मिनिटं चालत. मुहूर्त निघून जाई. गुरुजी सुरुवातीला कुरकुर करायचे, पुढं तेही म्हणायला लागले की मुहूर्त काही असा मिनिटावर नसतो.

चुका झाल्या नाहीत असं नाही. एकदा तळेगावात भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन कार्यालयांत एकाच आडनावाची दोन लग्नं होती. मी आबांना घेऊन भलत्याच लग्नात शिरलो. आबांनी माइक हातात घेऊन नवरदेवाच्या 'स्वर्गीय' आजोबांच्या आठवणी काढायला सुरुवात केली. आजोबा पहिल्याच रांगेत बसले होते.

"आरं, मी हाय अजून!" ते तिथूनच ओरडले.

मला वाटलं, संपलं, ते अख्खं घर हातचं गेलं. पण झालं उलटंच. न बोलावता आबा आले म्हणून त्या भावकीनं आबांना डोक्यावर घेतलं. मला या सगळ्याचा खरा वैताग आहे तो इथं. पुढाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे हो, पण लोकांनाही ते हवंच असतं.

पुढं आबांच्या पुतण्यानं पुण्याहून तीन पोरं आणली. ती लॅपटॉप घेऊन बसायची आणि आबांना मोबाइलकडे बघून हसायला लावायची. मला कुणी जा म्हटलं नाही, पण माझी खुर्ची आतल्या खोलीतून व्हरांड्यात आली. मला समजायचं ते समजलं. आंबी रस्त्याला मेव्हण्याची जागा होती, तिथं त्याच्या भागीदारीत मंगल कार्यालय बांधलं. लग्नाची नस अन् नस मला ठाऊक, तेव्हा हा धंदा आपल्याला हातचा मळ, असा माझा समज होता. पहिल्याच महिन्यात दुपारचं लग्न आशीर्वादांच्या भाषणांत चारपर्यंत लांबलं, आणि संध्याकाळच्या लग्नाचं वऱ्हाड बँडसकट फाटकाशी येऊन उभं राहिलं. आत पंगत, बाहेर बँड, आणि मधे मी दोन्हीकडच्या शिव्या खात. सुनंदा, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुम्हीच शिकवलंत ना सगळ्यांना?" ती म्हणाली. "आता भोगा."

मी म्हटलं, गावची गिऱ्हाइकं नकोत, मुंबईची घेऊ. लोणावळ्याला वलवणच्या बाजूला एका बंगल्याच्या आवारात अशा एका लग्नाचं काम घेतलं. त्या मंडळींना खेडेगावातलं अस्सल वातावरण हवं होतं. मी खरी बैलजोडी आणली तर म्हणाले, बैलांना अंघोळ घालून आणा, आणि घालून आणली तर म्हणाले, शेणाचा वास येतोय. मुहूर्त झाला तरी नवरी बाहेर येईना. का, तर फोटोग्राफरला मावळतीचं ऊन पाहिजे होतं. सूर्य ढगात गेला, चारशे माणसं एका ढगाकडे बघत बसली. मी मनात म्हटलं, याच्यापेक्षा आमचे आबा बरे, निदान येतात तरी.

अशा वेळी प्रणाली माझ्याकडे आली. आबांचे जुने कार्यकर्ते नामदेवभाऊ, त्यांची धाकटी मुलगी. आंबीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होती, पहिली पाळी संपवून गणवेशातच आली होती. तारीख सांगितली, माणसं सांगितली, आणि म्हणाली, "काका, माझी एक अट हाय. मुहूर्त बारा सदतीसचा हाय. बारा सदतीसला मंगलाष्टका सुरू झाल्या पायजेत. भाषण न्हाई, सत्कार न्हाई, कुणाची वाट बघायची न्हाई."

मी हसलो. म्हटलं, बाळा, बोलायला सोपं असतं.

"ताईच्या लग्नात तुमीच फाटकावर घड्याळ बघत उबे होता," ती म्हणाली. "मी करवली होते. आबा येईस्तवर सव्वा तास हातात दिवा धरून उबी होते. हात कापायला लागले तर मामी म्हनली, खाली ठिवू नको, अपशकून होतो."

मग तिनं खरं कारण सांगितलं. नामदेवभाऊंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. तासाभराच्या वर त्यांना बसवत नसे, पाय सुजायचे, धाप लागायची. आमच्याकडे आधी अक्षता पडतात आणि मग कन्यादान होतं. अक्षतांना उशीर झाला तर कन्यादानापर्यंत बाप आडवा झालेला असणार, आणि मग चुलत्याला पाटावर बसवणार. "मला चुलता नको," ती म्हणाली, "मला बाबा पायजेत."

मी बुकिंगच्या पावतीवर लिहिलं: 'मंगलाष्टका १२.३७ ला. भाषण नाही.' तिनं मला खाली सही करायला लावली. राजकारणात मी शेकडो शब्द दिले, सही एकाखालीही केली नव्हती.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला पत्रिका हातात आली आणि मी कपाळाला हात लावला. 'प्रमुख उपस्थिती' म्हणून सगळ्यात वर, ठसठशीत अक्षरांत, आबा. नामदेवभाऊंनी छापलं होतं. पोरीनं माझ्याशी काय ठरवलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. पोरीनं बापाला सांगितलं नाही, बापानं पोरीला विचारलं नाही, आणि दोघांच्या मधे मी सही करून बसलेलो. नामदेवभाऊंचंही खरं होतं म्हणा. हा माणूस प्रत्येक निवडणुकीत आबांच्या चिठ्ठ्या सायकलवरून वाटत फिरलेला. त्यांना पुढच्या रांगेत गादीच्या खुर्चीत बसवलं होतं, पाय स्टुलावर, डोक्याला फेटा. चेहरा मात्र मातीसारखा झाला होता.

बारा वीसला अक्षता वाटून झाल्या. बरोबर बारा बावीसला माझा फोन वाजला.

"मास्तर, अक्षता वाटल्या का?" आबा तळेगाव स्टेशनच्या चौकातल्या हॉटेलात बसले होते, तिथून दहा मिनिटांचा रस्ता. "ह्या पोरांना इचारलं तर कायबी कळत न्हाई. त्येंना वाटतं अक्षता आन् फुलं येकच."

बावीस वर्षांत मी आबांना चुकीची वेळ कधी सांगितली नव्हती. समोर सहाशे माणसं मुठी आवळून उभी होती. मी म्हटलं, "नाही आबा. वऱ्हाडाची लोकल बेगडेवाडीला अडकलीय. निम्मा हॉल रिकामा आहे. निवांत चहा घ्या, मी फोन करतो."

फोन खिशात टाकला. मनातून बरं वाटत होतं. स्टेजवर गुरुजींना खूण केली, करा सुरू. तेवढ्यात नामदेवभाऊंनी हात वर केला.

"मास्तर, आबा कुटं हायत?"

"येतायत, भाऊ. आपण सुरू करू."

"न्हाई न्हाई," ते म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "आबा आल्याबगर अक्षता न्हाई टाकायच्या. मी शब्द दिलाय. गुरुजी, थांबा."

गुरुजी थांबले. मागून भावकीनंही साथ दिली, "व्हय, थांबा की, काय घाई हाय?" आता काय करावं माणसानं? ज्याच्यासाठी मी जन्मात पहिल्यांदा आबांना थाप मारली, तोच माणूस हट्टाला पेटलेला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत. मला त्या क्षणी नामदेवभाऊंचा इतका राग आला की त्यांना खुर्चीसकट उचलून पाटावर ठेवावं असं वाटलं. घड्याळात बारा एकतीस. अंतरपाटाच्या अलीकडून प्रणालीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या मागं तिचे डोळे भरलेले मला लांबूनही दिसले.

मी माइक हातात घेतला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. बावीस वर्षांची सवय, तोंड आपोआप चालायला लागलं.

"मंडळी, आत्ताच आबांचा फोन आला होता. आबा निघालेत, पण वाटेत अडकलेत. त्यांनी मला सांगितलं, मास्तर, माझ्यासाठी पोरीचा मुहूर्त चुकवू नका. नामदेव माझा जुना माणूस आहे, त्याला बसवत नाही. त्याला ताटकळत ठेवलंत तर तुमची माझी गाठ आहे. बारा सदतीसला अक्षता पडल्याच पाहिजेत, हा आबांचा निरोप आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ह्याला म्हनत्यात पुढारी!" आणि सहाशे माणसांनी अक्षतांच्या मुठी तशाच ठेवून जमतील तशा टाळ्या वाजवल्या.

मी नामदेवभाऊंजवळ गेलो. ते माझ्याकडे बघतच राहिले होते.

"आबा आसं म्हनले?"

"म्हणाले."

"माजं नाव घिऊन?"

"नाव घेऊन, भाऊ."

त्यांनी दोन्ही हातांनी फेटा सरळ केला. खुर्चीत जरा ताठ झाले. "मग लावा," म्हणाले, "आबांचा शब्द मोडू नका."

माझ्या घड्याळात बारा अडतीस झाले होते, एका मिनिटाची चूक माझ्या नावावर घालतो. मंगलाष्टका झाल्या, वाजंत्री वाजली. कन्यादानाला नामदेवभाऊ कुणाचं न ऐकता खुर्चीवरून उतरून पाटावर बसले. त्यांचे भावजी आणि मेव्हणा दोन बाजूंनी धरायला गेले तर त्यांना हातानंच दूर केलं. ओंजळीवर पाणी सोडताना थेंबही बाहेर सांडला नाही. विधी संपेपर्यंत, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, माणूस पाठ टेकल्याशिवाय बसला होता. मला रडू आलं. सुनंदानं विचारलं तर मी म्हटलं, होमाचा धूर.

आबा आले तेव्हा पावणेदोन वाजले होते. हॉटेलातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं असावं की अक्षता कधीच पडल्या. गाडीतून उतरताना चेहरा लाल होता. मी फाटकावर उभा होतो, पहिला तडाखा खायची तयारी ठेवून. पण आबा माझ्यापर्यंत पोचायच्या आत माणसांनी त्यांना घेरलं. "आबा, मन लागतं असं बोलायला!" "आबा, तुमच्यासारखं आजवर कुनी म्हनलं न्हाई!" एक म्हातारी तर कानशिलावर बोटं मोडून मोकळी झाली. आबा अर्धा क्षण थबकले. गर्दीच्या डोक्यांवरून माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हात जोडले.

"आरं, लगीन पोरीचं," आबा म्हणाले, "मी कोन लागून गेलो?"

सरळ नामदेवभाऊंकडे गेले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, जिलबीचा तुकडा स्वतःच्या हातानं भरवला. नंतर हात धुवायच्या जागी मला गाठलं.

"मास्तर, बेगडेवाडीची लोकल आली का?"

"आली, आबा."

"बरं झालं," रुमालाला हात पुसत ते म्हणाले. "परत कामावर या. ह्या पोरांच्यानं असलं न्हाई व्हायचं."

मी गेलो नाही. पण माझ्या जाण्या-न जाण्यानं काय होणार होतं? पंधरवड्यानं वलवणला एका लग्नात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. अक्षता वाटून झाल्या आणि आबा आले. माइक घेतला आणि आपण नामदेवच्या पोरीचा मुहूर्त कसा चुकू दिला नाही, ही गोष्ट त्यांनी सांगितली. बावीस मिनिटं. तिथला मुहूर्त केव्हाच टळून गेला. लोक मुठी आवळून ऐकत होते आणि शेवटी म्हणत होते, मुहूर्ताची कदर असावी तर अशी. मी माझ्या मुठीतल्या अक्षता खिशात टाकून घरी आलो.

नामदेवभाऊ गणपतीनंतर गेले. दशक्रियेला इंद्रायणीकाठी सगळं गाव जमलं होतं. आमच्याकडे दशक्रियेलाही माइक असतो, आणि प्रवचन झालं की पुढारी श्रद्धांजली वाहतात. आबा उठले तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आज तरी नको. पण आबांनी तीच गोष्ट काढली. एव्हाना ती चांगलीच वाढली होती. आता आबांनी स्वतः नामदेवला फोन केला होता, नामदेव म्हणाला होता तुमच्याशिवाय अक्षता नाही, आबांनी त्याला गळ्याची शपथ घातली होती, आणि फोनवर दोघंही रडले होते. सांगताना आबांनी खरोखरच डोळे पुसले. मला खात्री आहे, त्यांना ते आता खरंच घडल्यासारखं आठवतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस मेला, त्याच्या दहाव्यालाही याचं भाषण, आणि तेही माझ्या थापेवर बांधलेलं. एकदाच उठावं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकावं, असा फोन कधी आलाच नव्हता म्हणून. मी उठलोही. शेजारी बायकांच्या कडेला प्रणाली बसली होती. तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"राहू द्या, काका," ती हळूच म्हणाली. "मला म्हाईत हाय. मला तवाच कळलं हुतं."

"मग बोलू दे की मला."

"बाबा रोज सांगायचे ते. डायलिसिसला शेजारच्या खाटंवरच्या मानसालाबी सांगायचे, आबांनी माजं नाव घिऊन निरोप धाडला म्हनून." तिनं पदरानं नाक पुसलं. "आज माइकवर सांगत्यात. बाबांना लय आवडलं आसतं."

मी खाली बसलो. आबा आणखी अकरा मिनिटं बोलले. दशक्रियेला टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून लोक नुसत्या माना हलवत होते. मीही हलवली.